एक थर चुंबक, दोन थर नाहीत : क्रोमियम ट्रायआयोडाइडचे कोडे

अभ्रक

नमस्कार. पदवीच्या वर्गांना अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी आता केवळ स्वतःसाठी वाचतो, आणि गेले दोन महिने एकाच गोष्टीपाशी अडलो आहे. क्रोमियम ट्रायआयोडाइड हा काळसर, चकचकीत स्फटिक अभ्रकासारखा पापुद्र्यांचा बनलेला असतो. प्रत्येक पापुद्र्यात क्रोमियमचे अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत बसलेले असतात आणि त्यांच्या खाली-वर आयोडीनचे अणू असतात. पापुद्र्याच्या आतले बंध पक्के असतात, पण पापुद्र्यापापुद्र्यांमधले बंध इतके दुबळे असतात की साध्या चिकटपट्टीने ते सोलता येतात. ग्रॅफाइटमधून ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एकच अणुथर, याच रीतीने २००४ साली मँचेस्टरला वेगळे केले गेले, हे सर्वांना ठाऊक आहेच.

२०१७ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील शियाओडाँग शू आणि एमआयटीतील पाब्लो हारिल्यो-एरेरो यांच्या गटांनी या पदार्थाचा एकच थर सोलून काढला आणि तो सुमारे ४५ केल्व्हिनखाली, म्हणजे उणे २२८ अंश सेल्सिअसखाली, लोहचुंबक असतो हे दाखवले. पूर्ण स्फटिकाचे क्यूरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर चुंबकत्व नाहीसे होते ते, ६१ केल्व्हिन आहे, म्हणजे थर एकटा पडल्याने चुंबकत्व थोडे कमकुवत होते इतकेच. इथवर माझी अडचण नाही. अडचण पुढच्या ओळीत आहे. दोन थरांचा तुकडा घेतला, तर बाहेरून क्षेत्र लावलेले नसताना त्याचे चुंबकत्व शून्य भरते, आणि सुमारे ०.६५ टेस्ला क्षेत्र ओलांडले की ते एका उडीत पूर्ण प्रकटते. तीन थर घेतले की तुकडा पुन्हा चुंबक.

दोन थरांचे स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे इवलेसे अंगभूत चुंबक, एकमेकांविरुद्ध असतात, म्हणून बेरीज शून्य येते, हे मान्य. परंतु शेजारच्या थराने नेहमी उलटे तोंड करायचे असा या पदार्थाचा नियम असेल, तर जाडजूड स्फटिकातही एकाआड एक थर विरुद्ध असायला हवेत आणि तो स्फटिक चुंबक असताच कामा नये. तो तर आहे. मग दोन थरांना असे काय होते, जे दोन लाख थरांना होत नाही?

दुसरी शंका जुनी आहे. मर्मिन आणि वॅग्नर यांचा १९६६चा सिद्धान्त मी फळ्यावर शिकवलेला आहे. द्विमितीत निरपेक्ष शून्याच्या वर चुंबकीय क्रम टिकत नाही, असे आम्ही मुलांना सांगत असू. तो सिद्धान्त आता मोडला का? आणि तिसरे, या पदार्थांवरच्या प्रत्येक लेखात चुंबकत्वाला खेटून टोपॉलॉजी (ताणले-वाकवले तरी न बदलणाऱ्या गुणांचे गणित) हा शब्द येतो. या दोघांचा संबंध नेमका कुठे येतो, हे कोणी सांगेल काय?

हिशेबनीस

अभ्रक सर, दुसरी शंका आधी घेतो, कारण ती सोडवल्याशिवाय पहिलीकडे जाण्यात अर्थ नाही. सिद्धान्त मोडलेला नाही. तो फळ्यावरून सांगताना आपण सर्वच जण त्याची अट गिळून टाकतो. मर्मिन आणि वॅग्नर यांनी जे सिद्ध केले, ते सर्व दिशा सारख्याच मानणाऱ्या स्पिनांविषयी, आणि त्यातही आंतरक्रिया फार दूरवर पोहोचत नसतील तर. स्पिनाला कोणतीच दिशा जास्त प्रिय नसेल, तर शेजाऱ्यापासून किंचित कलणे त्याला जवळजवळ फुकट पडते, आणि असे किंचित किंचित कलत गेलेली लांब लाट संपूर्ण थरात जवळपास विनामूल्य उठते. त्रिमितीत अशा लाटा मोजक्या असतात आणि त्यांनी होणारे नुकसान मर्यादित राहते. द्विमितीत मात्र लांबलांब लाटांची बेरीज करायला बसले की ती लॉगॅरिथमच्या चालीने अनंताकडे जाते. म्हणजे कोणत्याही तापमानाला, ते शून्याहून कितीही थोडेसेच वर असले तरी, क्रम विस्कटतो.

आता थराला लंब अशी एक दिशा स्पिनांना प्रिय आहे असे समजा. मग सर्वांत लांब लाट उठवण्यासाठीही ठरावीक किमान ऊर्जा मोजावी लागते, आणि त्या किमतीपुढे थंड थरात लाटा उठतच नाहीत. क्रोमियम ट्रायआयोडाइडमध्ये ही आवड प्रामुख्याने आयोडीनमुळे येते. आयोडीनचा अणू जड असल्याने त्याच्या इलेक्ट्रॉनांचा स्पिन आणि त्यांची कक्षीय गती एकमेकांत घट्ट गुंतलेली असतात, आणि क्रोमियमचे स्पिन एकमेकांशी आयोडीनच्या मध्यस्थीनेच बोलत असल्याने ही दिशेची आवड त्यांच्यापर्यंत पोहोचते. केवळ वर किंवा खाली एवढ्या दोनच दिशा मानणाऱ्या स्पिनांचा द्विमितीतला हिशेब लार्स ऑन्सागर यांनी १९४४ साली तंतोतंत सोडवला होता, आणि त्यात क्रम टिकतो. म्हणजे मर्मिन-वॅग्नरच्या बावीस वर्षे आधीच उलट बाजूचे उत्तर कागदावर होते.

ही अट किती कसोशीने पाळली जाते, ते त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात दिसते. बर्कलीच्या शियांग झांग यांच्या गटाने क्रोमियम जर्मेनियम टेल्युराइडचे पातळ तुकडे तपासले. तिथे दिशेची आवड फार क्षीण आहे. त्यामुळे थर कमी होत गेले तसतसे क्यूरी तापमान झपाट्याने उतरत दोन थरांना सुमारे ३० केल्व्हिनवर आले, आणि ते बाहेरून लावलेल्या अगदी छोट्या क्षेत्राने वर-खाली करता आले.

दवबिंदू

याला जोड देतो. 'जगातील पहिला द्विमितीय चुंबक' असे जे मथळे २०१७ मध्ये झळकले, ते अतिशयोक्त होते. टंगस्टनच्या स्फटिकावर वाढवलेला लोखंडाचा एक अणू जाडीचा थर लोहचुंबक असतो, हे १९९०च्या दशकातच मोजले गेले होते. फरक एवढाच, की तो थर टंगस्टनला चिकटलेला होता, सोलून दुसरीकडे नेता येत नव्हता. आणि २०१६ मध्येच लोह, फॉस्फरस आणि गंधक यांच्या एका थरदार संयुगात, ज्याला संशोधक एफईपीएस-थ्री म्हणतात, एकाच थरापर्यंत प्रतिलोहचुंबकीय क्रम (ज्यात विरुद्ध स्पिन एकमेकांना खोडतात) टिकतो, हे विखुरलेल्या प्रकाशातील रंगबदल मोजणाऱ्या रामन प्रकाशमापनाने दाखवले गेले होते. पहिलेपणाचा मान वाटताना विशेषणे मोजून घ्यावीत, एवढेच म्हणणे.

शून्यअंश

मी मुंबईत अतिशीत तापमानावर मोजमापे करतो. हा पदार्थ मी स्वतः हाताळला आहे, म्हणून पहिल्या शंकेचे उत्तर देण्याचे धाडस करतो. हाताळला म्हणण्यापेक्षा गमावला म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. क्रोमियम ट्रायआयोडाइडचा पातळ तुकडा हवेत आला, की आर्द्रता आणि उजेड मिळून काही मिनिटांत त्याचे ओलसर ठिपके करून टाकतात. त्यामुळे सोलण्यापासूनचे सर्व काम निष्क्रिय वायू भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये करावे लागते, आणि बाहेर काढण्यापूर्वी तुकडा षटकोनी बोरॉन नायट्राइडच्या दोन पापुद्र्यांमध्ये बंद करावा लागतो. (जगभरातील बहुतेक प्रयोगशाळांना लागणारे उत्तम बोरॉन नायट्राइड जपानमधील त्सुकुबा येथील ताकाशी तानिगुची आणि केंजी वातानाबे हे दोघे पुरवत आले आहेत, या क्षेत्रातील निबंधांच्या लेखकयादीत ही दोन नावे सतत का दिसतात, त्याचे कारण हेच.) एका जुलै महिन्यात आमच्या ग्लोव्हबॉक्सच्या रबरी हातमोज्याला टाचणीएवढे भोक पडले होते आणि ते आठवडाभर कोणाच्या ध्यानात आले नाही. त्या आठवड्यातील एकही तुकडा वाचला नाही.

आता कोड्याकडे. कौलारू छपराची कल्पना करा. कौलांची दुसरी ओळ पहिलीवर कशी सरकवून बसवली आहे, यावर पाणी कुठून वाहील हे ठरते. कौल तेच, पण बसवण्याच्या रीती दोन. क्रोमियम ट्रायआयोडाइडचेही तसेच आहे. वरचा थर खालच्या थरावर दोन वेगळ्या रीतींनी सरकून बसू शकतो, आणि या दोन रीतींमधला फरक एका नॅनोमीटरच्या अंशाइतकाच असतो. पूर्ण स्फटिक खोलीच्या तापमानाला एका रीतीने बसलेला असतो, तिला एकनताक्ष रचना म्हणतात. तो थंड करत नेला, की २०० केल्व्हिनच्या थोडे वर त्याचे थर सरकतात आणि दुसऱ्या, समांतरषट्फलकी रचनेत जातात. या दुसऱ्या रचनेत वरच्या थरातील क्रोमियम आणि खालच्या थरातील क्रोमियम यांच्यामधला आयोडीनमार्गे जाणारा दुवा स्पिनांना एकाच दिशेला वळवतो. पहिल्या रचनेत तोच दुवा त्यांना विरुद्ध वळवतो.

पातळ तुकडे थंड होताना सरकतच नाहीत. ते जुन्याच रचनेत अडकून पडतात. म्हणून दोन थर एकमेकांविरुद्ध, आणि दोन लाख थर मात्र एकाच दिशेला. म्हणजे, सर, फरक थरांच्या संख्येने थेट पडलेला नाही; थर कमी असल्यामुळे ते सरकले नाहीत, म्हणून पडलेला आहे.

अभ्रक

शून्यअंश, आपले उत्तर सुरेख आहे, परंतु शिक्षकाची खोड म्हणून विचारतो. ही रचना तशीच अडकलेली असते, हे कोणी पाहिले? की सिद्धान्तात बसते म्हणून मानले? आणि तीन थरांचे काय?

शून्यअंश

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तीन थरांपासून सुरुवात करतो, कारण तिथे मूळ निबंधाचीच समजूत नंतर बदलली. २०१७ मध्ये तीन थरांना शून्य क्षेत्रात चुंबकत्व दिसले, तेव्हा जाड स्फटिकाचे लोहचुंबकत्व इथे परत आले, असे लिहिले गेले. पुढच्या वर्षी याच पदार्थाचे पातळ तुकडे ग्राफीनच्या दोन पापुद्र्यांमध्ये ठेवून त्यांच्यातून इलेक्ट्रॉन पार जाऊ देण्याचे प्रयोग झाले. शेजारचे थर विरुद्ध असले की प्रवाह अडतो आणि एकाच दिशेला असले की वाहतो, त्यामुळे क्षेत्र वाढवत नेताना कोणता थर केव्हा पलटला हे रोधाच्या पायऱ्यांवरून वाचता येते. त्यातून कळले की तीन थरही वर-खाली-वर असेच असतात. एक खाली, दोन वर, म्हणून एका थराएवढे चुंबकत्व शिल्लक राहते, आणि मापकाला तुकडा चुंबक दिसतो. शिल्लक आणि एकजूट यांतला हा फरक पहिल्या मापनात दिसला नव्हता. चार थरांच्या तुकड्यात क्षेत्र लावण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या रोधातील फरक १९,००० टक्क्यांपर्यंत मोजला गेला.

आता पुरावा. २०१९ साली बाझेल विद्यापीठातील पॅट्रिक मॅलेटिन्स्की यांच्या गटाने हिऱ्याच्या टोकदार सुईने हे तुकडे तपासले. त्या हिऱ्यात काही ठिकाणी कार्बनच्या लगतच्या दोन जागांपैकी एका जागी नायट्रोजन असतो आणि दुसरी जागा रिकामी असते; हे दोष म्हणजे अत्यंत संवेदनशील छोटे चुंबकमापक. मापन असे आले : थरांची संख्या विषम असेल तर एका थराएवढे चुंबकत्व, म्हणजे दर चौरस नॅनोमीटरला सुमारे १६ बोर मॅग्नेटॉन (अणूंचे चुंबकत्व मोजण्याचे एकक), संख्या सम असेल तर शून्य. नऊ थरांच्या एका तुकड्यानेही एका थराएवढेच चुंबकत्व दाखवले. मग त्या तुकड्याला छिद्र पडले, आणि त्यानंतर तोच तुकडा नऊ थरांएवढे चुंबकत्व दाखवू लागला. छिद्राने अडकलेले थर मोकळे झाले, सरकले, आणि जाड स्फटिकाच्या रचनेत जाऊन बसले. त्याच वर्षी दोन गटांनी पातळ तुकड्यांवर मोठा दाब देऊन हाच बदल मुद्दाम घडवला, आणि दाब काढल्यावरही तो परत फिरला नाही.

मला स्वतःला छिद्राचा पुरावा दाबाच्या पुराव्याहून अधिक पटतो. दाबाने थरांमधले अंतरही बदलते, त्यामुळे शंकेला जागा उरते. छिद्राने अंतर बदलत नाही.

कडेकडेने

मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. आतापर्यंतचे समजले. पण अभ्रक सरांची तिसरी शंका तशीच राहिली आहे, आणि माझीही तीच आहे. टोपॉलॉजी म्हटले की प्रत्येक जण कपाचे मेदूवड्यात रूपांतर करून दाखवतो. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यात, म्हणजे स्फटिकात त्यांना मुभा असलेल्या ऊर्जांच्या पट्ट्यात, भोक कुठे असते?

हिशेबनीस

मेदूवडा बाजूला ठेवू. वटपौर्णिमेला वडाभोवती सूत गुंडाळतात, ते डोळ्यांसमोर आणा. सूत सैल धरा, ताणून धरा, बुंध्याच्या वर गुंडाळा किंवा खाली, फेऱ्यांची संख्या पूर्णांकच राहते. साडेसहा फेऱ्या असे काही नसते. आणि सुताला हवे तसे हलवले तरी सातचे सहा होत नाहीत.

निरोधक पदार्थातील इलेक्ट्रॉनांची तरंगफलने (त्यांची अवस्था सांगणारी गणिती सूत्रे) संवेगाप्रमाणे बदलत जातात. संपूर्ण संवेगक्षेत्र एकदा फिरून आले, की ती तरंगफलने किती वेळा गुंडाळली गेली, याचा हिशेब करता येतो, आणि द्विमितीत त्या संख्येला चर्न अंक म्हणतात. १९८२ साली डेव्हिड थाउलेस आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी दाखवले, की हॉल परिणामात (चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाला आडवा विद्युतदाब निर्माण होतो, त्यात) मोजली जाणारी संवाहकता म्हणजे हाच अंक गुणिले निसर्गाच्या दोन स्थिरांकांपासून बनलेली एक ठरावीक राशी. क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना १९८० मध्ये सापडलेला २५,८१२.८ ओहमचा रोध नमुन्याची शुद्धता, आकार, जाडी कशालाच का जुमानत नाही, याचे उत्तर त्यातून मिळाले. फेऱ्या मोजायच्या असतील तर सुताच्या जाडीशी काय देणेघेणे?

दवबिंदू

सुताची टोके मोकळी असतील तर फेऱ्या उलगडता येतात की.

हिशेबनीस

बरोबर पकडलेत. टोके एकमेकांना बांधलेली आहेत असे धरा. स्फटिकातील संवेगक्षेत्र एका टोकाला गेले की दुसऱ्या टोकातून आत येते, म्हणून तिथे टोके बांधलेलीच असतात. आता फेऱ्या बदलायच्या तर सूत तोडावेच लागते, आणि सूत तोडणे म्हणजे निरोधकातील भरलेला आणि रिकामा पट्टा यांच्यातली फट बंद करणे.

यातूनच कडा येतात. नमुन्याच्या आत अंक एक आणि बाहेर निर्वातात अंक शून्य. मग मध्ये कुठेतरी फट बंद व्हायलाच हवी, आणि ती नमुन्याच्या कडेवर बंद होते. म्हणून आत निरोधक आणि कडेवरून मात्र एकाच दिशेने, अडथळ्याला न जुमानता वाहणारा प्रवाह. (कडेकडेने, आपले नाव आपण या धाग्यासाठीच घेतले होते काय?)

चुंबकत्वाची गरज इथे लागते. काळाची दिशा उलट केली तर घड्याळाच्या दिशेने फिरणारा कडेचा प्रवाह उलटा फिरेल. काळाच्या दोन्ही दिशा सारख्या मानणाऱ्या पदार्थात असा एकेरी प्रवाह संभवतच नाही आणि चर्न अंक शून्य राहतो. ती सममिती मोडायला क्लिट्झिंग यांनी प्रचंड बाह्य क्षेत्र वापरले. १९८८ मध्ये डंकन हॉल्डेन यांनी कागदावर दाखवले, की सरासरी बाह्य क्षेत्र शून्य असूनही षटकोनी जाळीत हे घडू शकते. पदार्थ स्वतःच चुंबक असेल तर बाह्य क्षेत्र लागतच नाही. याला क्वांटम विसंगत हॉल परिणाम म्हणतात.

शून्यअंश

आणि इथून पुन्हा थर मोजायला बसावे लागते.

हा परिणाम पहिल्यांदा २०१३ मध्ये बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात श्वे छिकुन यांच्या गटाने पाहिला. बिस्मथ, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या थरदार संयुगात त्यांनी क्रोमियमचे अणू मिसळले होते. त्यासाठी ३० मिलिकेल्व्हिनपर्यंत उतरावे लागले. मूळच्या कर्नाटकातील आणि मद्रासच्या आयआयटीत शिकलेले जगदीश मूडेरा एमआयटीत आहेत. त्यांच्या गटाने २०१५ मध्ये क्रोमियमऐवजी व्हॅनेडियम घालून रोध कितीतरी अधिक अचूक मिळवला. तापमान मात्र वर येईना. मिसळलेले अणू विखुरलेले, कुठे दाट तर कुठे विरळ. पापडाच्या पिठात मीठ नीट मळले नाही की एक घास खारट आणि पुढचा अळणी लागतो, तशी अवस्था. चुंबकत्वाची सरासरी पुरेशी असली तरी सर्वांत अळणी जागा तापमान ठरवते.

मग स्फटिकाच्या रचनेतच मँगनीज असलेला मँगनीज बिस्मथ टेल्युराइड पुढे आला. त्याचा एक थर सात अणुपातळ्यांचा असतो : टेल्युरियम, बिस्मथ, टेल्युरियम, मँगनीज, टेल्युरियम, बिस्मथ, टेल्युरियम. थराच्या आत मँगनीजचे सर्व स्पिन एकाच दिशेला, आणि शेजारच्या थरात उलट दिशेला. हा क्रम सुमारे २५ केल्व्हिनखाली येतो.

आता गणित पाहा. या तुकड्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवर टोपॉलॉजीमुळे खास इलेक्ट्रॉन असतात, आणि प्रत्येक पृष्ठभाग हॉल संवाहकतेत पूर्णांक नव्हे तर अर्धा वाटा उचलतो. वाट्याचे चिन्ह त्या पृष्ठभागाजवळचा थर वर तोंड करून आहे की खाली, यावर ठरते. थर विषम असतील तर वरचा आणि खालचा थर एकाच दिशेला, अर्धा अधिक अर्धा, चर्न अंक एक. थर सम असतील तर अर्धा उणे अर्धा, बेरीज शून्य. या दुसऱ्या अवस्थेला अ‍ॅक्सिऑन निरोधक म्हणतात. ती रिकामी नाही : दोन्ही अर्धे शाबूत असतात, फक्त एकमेकांना झाकतात. २०२० मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातील युआनबो झांग यांच्या गटाने पाच थरांच्या तुकड्यात, शून्य क्षेत्रात, १.४ केल्व्हिनला जवळजवळ पूर्ण रोध मिळवला. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने सहा थरांचा तुकडा घेऊन मोठ्या क्षेत्राने सर्व थर एकाच दिशेला वळवले, तेव्हा अ‍ॅक्सिऑन निरोधक चर्न निरोधकात, म्हणजे चर्न अंक शून्य नसलेल्या निरोधकात, बदलला.

क्रोमियम ट्रायआयोडाइडमध्ये सम-विषम ठरवते चुंबकत्व उरते की नाही. इथे तेच सम-विषम कडेवरून प्रवाह वाहतो की नाही, हे ठरवते.

दवबिंदू

चित्र देखणे आहे. प्रयोग तितका देखणा नाही, हेही नोंदवले पाहिजे. मँगनीज आणि बिस्मथ यांचे अणू या स्फटिकात सर्रास एकमेकांच्या जागा बळकावतात. त्यामुळे बिस्मथच्या पातळीत चुकून बसलेले मँगनीज मुख्य पातळीविरुद्ध तोंड करतात आणि सगळा हिशेब बिघडवतात. पाच थरांचा तुकडा घेतला की २५,८१२.८ ओहम मिळतातच असे मुळीच नाही. विषम थरांचे अनेक तुकडे मोठे क्षेत्र लावल्याशिवाय त्या अंकापर्यंत पोहोचत नाहीत.

शिवाय या क्षेत्रात घाईने निष्कर्ष काढण्याची किंमत मोजली गेलेली आहे. अशाच चुंबकीय टोपॉलॉजिकल पातळ थराला अतिसंवाहक नायोबियम जोडून, रोधातील एका पायरीवरून मायोराना कणांचा (स्वतःचेच प्रतिकण असलेले हे कण क्वांटम संगणकात वापरता येतील अशी आशा असते) दावा करणारा निबंध २०१७ मध्ये एका अग्रगण्य नियतकालिकात आला. तो २०२२ मध्ये मागे घेण्यात आला. क्वांटम संगणकाच्या बातम्या वाचताना ही तारीख मनात ठेवावी.

कडेकडेने

मग उपयोग काय, असे विचारले तर राग मानू नये. महाविद्यालयात प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत हाच प्रश्न येतो.

शून्यअंश

राग कसला. सर्वांत जवळचा उपयोग म्हणजे रोधाचे प्रमाण. आज राष्ट्रीय मापन संस्थांना अचूक ओहम मिळवायला मोठा अतिसंवाहक चुंबक लागतो. विसंगत हॉल परिणामात तो लागत नाही. पण जोवर प्रमाणाला लागणारी अचूकता एका केल्व्हिनच्या खालीच मिळते, तोवर चुंबकाचा खर्च वाचवून शीतकाचा खर्च डोक्यावर घेतल्यासारखे होते.

चुंबकीय स्मृतीसाठी टोपॉलॉजी लागत नाही, तापमान लागते. तिथे लोह, जर्मेनियम आणि टेल्युरियम यांचा थरदार धातू उपयोगी आहे. त्याचे क्यूरी तापमान जाड स्फटिकात सुमारे २२० केल्व्हिन आहे, आणि २०१८ मध्ये पातळ थरात विद्युतक्षेत्राने लिथियमचे आयन घुसवून ते खोलीच्या तापमानापर्यंत नेले गेले. जर्मेनियमच्या जागी गॅलियम घातलेला भाऊबंद २०२२ मध्ये आला. तो तर जाड स्फटिकात खोलीच्या तापमानाच्या बऱ्याच वर, ३५० केल्व्हिनच्याही पुढे, चुंबक राहतो. तोंडी परीक्षेत हे दोन सांगा, परीक्षक गप्प बसतील.

हिशेबनीस

एक गोष्ट राहिली, आणि ती मला या सर्वांत जास्त विचित्र वाटते. वर आपण चुंबक म्हणताना प्रत्येक वेळी क्रोमियम, मँगनीज, लोह यांच्या स्पिनांविषयी बोललो. ग्राफीनमध्ये यांतले काहीच नाही. तिथे निव्वळ कार्बन. तरीही ग्राफीनचे दोन थर सुमारे १.१ अंशाने पिळून एकावर एक ठेवले, तर इलेक्ट्रॉनांची गती इतकी मंदावते की त्यांचे परस्परांतील प्रतिकर्षण वरचढ ठरते. २०२० साली सांता बार्बरा येथील अँड्रिया यंग यांच्या गटाने अशा पिळलेल्या ग्राफीनमध्ये, बोरॉन नायट्राइडशी ते रेषेत जुळवून, शून्य क्षेत्रात १.६ केल्व्हिनला क्वांटम विसंगत हॉल परिणाम मोजला. तिथले चुंबकत्व प्रामुख्याने इलेक्ट्रॉनांच्या फिरण्यातून येते, स्पिनांतून नव्हे. २०२३ मध्ये पिळलेल्या मॉलिब्डेनम टेल्युराइडमध्ये हाच परिणाम दोन-तृतीयांशसारख्या अपूर्णांकांवर दिसला. मी वर 'साडेसहा फेऱ्या असे काही नसते' म्हणालो होतो. ते एकेकट्या इलेक्ट्रॉनाच्या हिशेबापुरतेच खरे. इलेक्ट्रॉन एकमेकांशी जोरात भांडू लागले की सुताचे उदाहरण तिथेच सोडावे लागते.

अभ्रक

सर्वांचे आभार. काल मी दोन जुन्या मच्छरदाण्यांचे तुकडे एकावर एक ठेवून किंचित फिरवले. फिरवण्याचा कोन जितका लहान, तितके गडद आणि फिकट डाग मोठे. हिशेब सोपा निघाला : एक अंशाला डागांमधले अंतर जाळीच्या एका घराच्या सत्तावन्न पट. मग मनात आले, क्रोमियम ट्रायआयोडाइड असे पिळले तर एका डागात थर एका रीतीने बसलेले असतील आणि शेजारच्या डागात दुसऱ्या रीतीने. म्हणजे एकाच तुकड्यात इथे थर विरुद्ध आणि तिथे एकाच दिशेला? असे कोणी करून पाहिले आहे का?

शून्यअंश

केले आहे, सर. २०२१ मध्ये शू यांच्या गटाने तीन थरांवर तीन थर अगदी लहान कोनातून फिरवून ठेवले आणि हिऱ्याच्या मापकाखाली पाहिले. लोहचुंबकीय आणि प्रतिलोहचुंबकीय प्रदेश एकाच तुकड्यात शेजारी शेजारी दिसले. कोन लहान का घ्यावा लागतो, हे तुमच्या मच्छरदाणीवरून काढता येईल. या स्फटिकाचे एक घर सुमारे ०.७ नॅनोमीटरचे आहे. एक अंशाला डाग ४० नॅनोमीटरचे होतात, आणि हिऱ्याच्या मापकाला साधारण तेवढेच बारीक दिसते, म्हणजे सगळे एकमेकांत मिसळून जाईल. ०.३ अंश घेतला तर डाग १३० नॅनोमीटरच्या पुढे जातात आणि वेगळे ओळखू येतात. मात्र इतका लहान कोन ग्लोव्हबॉक्सच्या जाड हातमोज्यांतून साधायचा असतो, आणि तुकडा गरम केला की थर पुन्हा सरळ होऊ पाहतात. आमच्याकडे गेल्या वर्षी सात तुकडे बनवले. हवा तो कोन त्यांतल्या एकात टिकला.